एल. व्ही.

एकतीस वर्षं मी मालगाडीच्या शेपटीला बसून होतो,
तोंड मागे पडणाऱ्या गावांकडे.
पुढे काय येतंय ते ड्रायव्हर जाणे;
मला सावदा, निंभोरा, रावेर
लहान लहान होत जातानाच ओळखीचे.

मग रिटायर झालो, शुगर निघाली,
आणि भिरूड डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या खाली लिहिलं:
रविवार, पाच वीस, पाण्याच्या टाकीखाली. सायकल आणणे.

अकराजण आम्ही. भुसावळ ते हतनूर, आणि परत.
लोढांच्या पोराची सायकल दोन बोटांवर उचलते,
किंमत तो घरी निम्मीच सांगतो.
फेगडे सर रस्ता बघतात कमी,
मनगटावरचं ॲव्हरेज जास्त.
सगळ्यांना पुढे व्हायचं असतं,
म्हणून मागे राहायचं काम माझ्याकडे आलं.
मागितलं नव्हतं मी.
मला दुसरीकडे बसताच येत नाही.

मडगार्डला लाल दिवा, त्याखाली पत्र्याची पाटी,
घरच्या घरी ब्रशने रंगवलेली.
"हे काय भो, नवीन पासिंग का?"
म्हटलं, लास्ट व्हेईकल.
गाडी स्टेशनातून निघून गेली
की मास्तर ही पाटी शोधतो.
दिसली, तर गाडी पूर्ण गेली.
नाही दिसली, तर मागे कुठेतरी अंधारात
काही डबे सुटून उभे आहेत.
पोरं हसली. लोढाने फोटो काढला.

या रविवारी जानेवारीचं धुकं,
दीपनगरच्या चिमण्यांचे फक्त लाल दिवे, अधांतरी.
केळीचे ट्रक अंगावरून जाताना हिरवा वास सोडत होते.
आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल.
तेवढ्यावरच शबनूर तडवी उतरली.
रात्रपाळी करून थेट आलेली,
भावाची सायकल, कॅरिअर खडखडणारं,
स्वेटरखाली अजून नर्सचा ड्रेस.
"काका, तुम्ही व्हा ना पुढे. रस्ता माहीत आहे मला."
मी पुलाच्या कठड्याला सायकल टेकवली
आणि तिला निंभोऱ्याच्या लूपलाइनीत
चार तास उभ्या राहिलेल्या कोळशाची गोष्ट सांगितली.
तिने विचारलं, "मग काय करायचे तुम्ही चार तास?"
म्हटलं, डबा पुसायचो. शेंगा खायचो.
तिने हँडलला बांधलेली ओढणी सोडून कानाला गुंडाळली,
आणि पुन्हा बसली सायकलवर.

हतनूरला पोचलो तेव्हा पोहे संपले होते,
कढईत कांदा आणि दोन मिरच्या.
पाण्यावर कुठल्या कुठल्या देशांतून आलेली बदकं
कुणाचीही वाट न बघता पोहत होती.
"तुम्हा दोघांमुळे अठराच्या खाली आलो आपण,"
फेगडे सर म्हणाले, तसे प्रेमानेच.

परतीला वारा उलटा.
वरणगाव मागे पडलं आणि माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला.
मोरीवर बसलो. हाक मारली असती,
पण गार्डाला हाक मारायची सवय नसते, शिट्टी असते,
ती रिटायरमेंटला जमा केली.
पुढे दहा पाठी लहान होत गेल्या.
आयुष्यात पहिल्यांदा
काहीतरी पुढच्या बाजूला लहान होताना पाहिलं मी.
मागे वळून बघितलं: कापसाची गाडी, एक कुत्रं,
आणि रिकामा रस्ता.
माझ्या मागे कोण असणार!
पाटी होती. गाडी नव्हती.

मग त्या ठिपक्यांतला एक लहान होईना.
बघता बघता मोठा व्हायला लागला,
आणि दिसायच्या आधी खडखडला.

"वळून बघितलं, पाटी दिसली नाही,"
ती एवढंच म्हणाली, आणि पोटरीत अंगठा असा रुतवला
की मी दीपनगरपर्यंत जाईल असा ओरडलो.

टाकीखाली नऊजण चहा न घेता उभे होते.
फेगडे सरांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.
काढून ठेवलं होतं, की चार्जिंग संपलं होतं,
विचारायचं राहून गेलं.